मोठा काटा सहावर

रेनकोटच्या टोपीची एक खोड असते. आतलं डोकं वळलं तरी ती वळत नाही, समोर तोंड करूनच राहते. जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आमच्या बयोने बालवाडीच्या पायरीवरून मागे वळून पाहिलं, तेव्हा मला दिसलं ते टोपीचं पिवळं अस्तर, त्याच्या कडेला अर्धा गाल आणि एक डोळा. दुसरा डोळा टोपीत अडकला होता. मग शाळेच्या मावशींनी तिला काखेत घेतलं आणि आत नेलं. रडण्याचा आवाज व्हरांड्यातून वर्गात गेला, वर्गातल्या इतर आवाजांत मिसळला, आणि त्यातला आपला कुठला हे दोन मिनिटांत कळेनासं झालं.

खरं तर पहिले तीन दिवस ती रडलीच नव्हती. सोमवारी शाळा उघडली तेव्हा गेटपाशी नुसता आकांत होता. एक मुलगा चपला काढायलाच तयार नव्हता, कारण चपला काढल्या म्हणजे राहावं लागणार हे त्याने बरोबर ओळखलं होतं. दोन जुळ्या बहिणी आळीपाळीने रडत होत्या; एक दमली की दुसरी. रडणं हे ताप-खोकल्यासारखं पसरतं. एका कोपऱ्यात सुरू झालं की शांतपणे ठोकळे रचत बसलेलं पोरसुद्धा जरा विचार करून ओठ काढतं. आमची बयो मात्र या सगळ्याकडे वरातीत आलेल्या पाहुण्यासारखी बघत होती. छातीवर सेफ्टी पिनने लावलेला रुमाल, हातात डब्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर 'यांना काय झालंय?' असा भाव. मी मनातून जरासा मिरवलोही. गेटबाहेर आजोबा लोकांचा एक कायमचा घोळका असतो. त्यातले छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून उभे असलेले एक आजोबा म्हणाले, ''चौथ्या दिवशी सांगा मला.''

चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना तोंडात फेस घेऊन ती म्हणाली, ''झाली ना शाळा!''

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या हिशेबी शाळा म्हणजे राणीच्या बागेसारखं किंवा मावशीच्या लग्नासारखं काहीतरी होतं. जायचं, बघायचं, खाऊ खायचा, परत यायचं. तिने तीन दिवस शाळा नीट बघितली होती, घसरगुंडी बघितली, फळा बघितला, कोपऱ्यातला लाकडी घोडा बघितला. आता बघायचं काय राहिलं होतं?

''अगं, शाळा रोज असते. उद्या पण असते, परवा पण.''

''आणि मग?''

''मग रविवारी सुट्टी.''

''आणि मग?''

मी मनातल्या मनात बालवाडी, मोठा शिशु, पहिली, दहावी, बारावी आणि पुढची तीन-चार वर्षं असा हिशेब केला आणि गप्प बसलो. अठरा-एकोणीस वर्षं असं तीन वर्षांच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार?

मी या पंधरवड्यासाठी रजा घेतली होती. गिरगावातल्या एका छापखान्यासाठी मी मुद्रितं तपासतो. डोंबिवलीहून रोजची लोकल. बायको माझ्याही आधीच्या गाडीने जाते आणि तिची रजा बयोच्या जन्मात, गोवरात आणि दोन दातांत संपली. मी अर्जात 'घरगुती काम' लिहिलं. साहेबांनी विचारलं, ''घरी कार्य आहे का?'' म्हटलं, ''मुलगी शाळेत जाणार आहे.'' ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. ''आणि तुम्ही?'' या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही, पण रजा मिळाली.

त्या गुरुवारी रात्री मी एक युक्ती काढली. बयोला आकड्यांपैकी एकच आकडा पक्का ओळखता येतो, तो सहा. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टचं ते बटण दाबण्याचा मान तिचा. पाहुण्यांनी चुकून दाबलं तर लिफ्ट पुन्हा खाली नेऊन पहिल्यापासून वर यावं लागतं. तिच्या वर्गात दारावर मोठं गोल घड्याळ आहे. पहिल्या आठवड्यात शाळा नऊ ते साडेदहा एवढीच. मी तिला आमच्या हॉलमधलं घड्याळ खाली काढून दाखवलं. हा छोटा काटा, हा मोठा. मोठा काटा सहावर आला, आपल्या लिफ्टच्या सहावर, की बाबा दारात.

''नक्की?''

''नक्की.''

तिने काट्यावर बोट ठेवून पाहिलं, सहावर बोट ठेवून पाहिलं. शुक्रवारी ती रडली, पण थोडी. पायरीवरून मागे वळूनही न बघता आत गेली, कारण तिला घड्याळ गाठायचं होतं. मी समाधानाने कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो, कटिंग घेतला, पावसाची एक सर तिथे ताडपत्रीखाली काढली. दहा पंचविसाला गेटवर हजर.

ताई तिला घेऊन दारापर्यंत आल्या. बालवाडीत बाई नसतात, ताई असतात. ''बयोचे बाबा,'' त्या म्हणाल्या (या गेटपाशी मला दुसरं नाव उरलेलं नाही), ''तुम्ही हिला काही सांगून ठेवलं होतंत का? साडेनऊला ही उठली, दप्तर घेतलं, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. किती समजावलं, बसेचना. गोष्टीला नाही, डब्याला नाही. तासभर दारातच.''

मला कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा साडेनऊ म्हणजे काय हे आठवायला लागतो. मोठा काटा सहावर साडेदहाला येतो. तो साडेनऊलाही येतो. तो दर तासाला सहावर येतो. माणसाच्या जगात ही गोष्ट इतकी उघड आहे की कुणी ती बोलत नाही. पंधरा वर्षं लोकांच्या वाक्यांतल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या एका वाक्यातली चूक दिसली नव्हती. बयो मला काही बोलली नाही. तिच्या चपला उलट्या पायांत होत्या, डावी उजव्यात, उजवी डाव्यात, आणि पट्टे मात्र अगदी नीट लावलेले. ते तिने एकटीने लावले होते. लिफ्टमध्ये तिने बटण दाबलं नाही. मी दाबलं.

माझी आई हे सगळं पहिल्या दिवसापासून घरात बसून ऐकत होती. गेटवर यायला तिने साफ नकार दिला होता. ''गेटला लोंबकळणाऱ्या आईबापांनी बालवाडीवालीचा निम्मा जीव जातो,'' हे तिचं मत, आणि तिला ते असण्याचा अधिकार आहे. १९७८ साली ती कोसबाडला बालसेविकेचं शिक्षण घ्यायला गेली, वीस वर्षांची. पुढे डहाणूच्या पाड्यांवर अकरा वर्षं तिने बालवाडी चालवली. मी स्वतः तिथल्याच चटईवर वाढलो, पण मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की माझी आई तिथे माझी नसायची.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभं केलं ते पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात येतं. आईच्या तोंडून ते वेगळं येतं. ताराबाई मुंबईला शिकलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात तयार झालेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि मग तिथून कोसबाडला. इथल्या मुलांना ते माँटेसरीचं महागडं लाकडी साहित्य कुठून आणणार? मग समुद्रावरचे शिंपले, खडे, बिया, चिंचोके. मोजायचेही तेच, लावायचेही तेच. आणि बालवाडीत मुलंच येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि पुढे या शब्दाने देशभर बिऱ्हाड थाटलं. आज तो शब्द सरकारी फायलीतला वाटतो. तेव्हा तो अक्षरशः शेणाने सारवलेल्या अंगणातला होता.

''आमच्याकडे रडायचं कोण?'' आई म्हणाली. ''गेटच नव्हतं. पोर आपल्याच अंगणात. आई चुलीशी दिसतेय, कोंबडी पायात येतेय. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच यायची. तिला शाळेत जायचं तर धाकट्याला कुठे ठेवणार? म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणायचे. तुम्ही लोकांनी भिंत बांधलीत, गेट लावलंत आणि आता विचारताय, पोर का रडतं.''

मी म्हटलं, डोंबिवलीत अंगण कुठून आणू? त्यावर ती काही बोलली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या ग्रिल दिसत होत्या, त्यांवर वाळत घातलेले आणि न वाळणारे कपडे.

मला या 'वाडी' शब्दाचं नेहमी वाटतं. त्या जर्मन फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हटलं, मुलांची बाग. गिजुभाईंनी मंदिर म्हटलं. आपण वाडी म्हटलं, आणि कोकणपट्टीत वाडी म्हणजे वस्तीही आणि नारळी-पोफळीची, चिकूची बागही. म्हणजे त्या एका शब्दात घर आणि झाड दोन्ही आलं. आमच्या इथल्या पाटीवर मात्र 'प्री-प्रायमरी सेक्शन' आहे. असो.

शनिवारी दुपारी आईने मला दोनच गोष्टी सांगितल्या. भाषण दिलं नाही, मटार सोलता सोलता सांगितल्या. एक, पोराला घड्याळ सांगू नये. ''पोरांचं घड्याळ कामाचं असतं. डबा खाल्ला, हात धुतले, गोष्ट झाली, चपला घातल्या की बाबा. असं सांगावं. डबा दिवसातून एकदाच येतो, तो फसवत नाही.'' आणि दुसरी, ''तिचं लक्ष नाही बघून सटकू नको. सगळे तेच करतात. सांगून जावं. रडलं तरी सांगून जावं. रडून रडून गप्प होईल, पण तू गेलास हे तिला माहीत असेल. न सांगता गेलास तर ती खेळतानासुद्धा एक डोळा दारावर ठेवेल.''

मला तो टोपीतला एक डोळा आठवला.

दुसऱ्या आठवड्यात मी सांगून जाऊ लागलो. ते सोपं नसतं. सटकणं सोपं. पायरीवर उकिडवं बसायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, म्हणायचं, ''मी आता जातो. डबा, हात, गोष्ट, चपला, की मी आलो.'' ती सगळं ऐकून घ्यायची आणि मगच रडायला सुरुवात करायची, जणू वाक्य मधे तोडू नये एवढी रीत तिला होती. सोमवारी मावशींना उचलावं लागलं. मंगळवारीही. बुधवारी ती रडत रडत स्वतःच्या पायाने गेली. गुरुवारी पायरीवर थांबून तिनेच म्हटलं, ''डबा, हात, गोष्ट, चपला.'' मी मान हलवली. शुक्रवारी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. ती गेली. मी उकिडवा बसलेला तसाच राहिलो, वाक्य अर्धं तोंडात. छत्रीवाले आजोबा म्हणाले, ''उठा आता, गुडघे धरतील.''

इमारतीत या दिवसांत जो भेटेल तो दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ''रमली का?'' किंवा ''रुळली का?'' आपण दोन्हींना ''हो हो'' म्हणतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रमणं हा मनाचा मामला. एखादं मूल पहिल्या दिवशी रमतं आणि चौथ्या दिवशी विटतं. रुळणं अंगवळणी पडतं, केस खांद्यावर रुळतात तसं, हळूहळू, आपल्याच वजनाने. डोंबिवलीत राहून हा शब्द ऐकताना मला लोखंडी रूळही दिसतात, त्याला इलाज नाही. इथे माणसं जशी रुळतात ती मी रोज सकाळी फलाटावर बघतो.

रजा संपली. मी लोकलमध्ये परतलो, आणायला आई जाऊ लागली (दुपारी साडेअकराला गेटवर जाणं तिच्या तत्त्वात बसतं), आणि माझ्या वाट्याला उरल्या ऐकीव बातम्या.

''आज शाळेत काय केलं?''

''काही नाही.''

''काय खाल्लं?''

''डबा.''

यापलीकडे तपास जात नाही. तीन वर्षं या मुलीच्या दिवसातला प्रत्येक घास, प्रत्येक शिंक घरात कुणाला ना कुणाला ठाऊक होती. आता रोज अडीच तास असे आहेत की जे घरातल्या कुणाचेच नाहीत. त्यांचे पुरावे तेवढे येतात. फ्रॉकवर वाळलेला जांभळा रंग. एका गाण्याचा मधलाच तुकडा, सुरुवात आणि शेवट नसलेला, शब्द बहुधा चुकीचे. कोपरावर खरचटलेलं, ज्याच्या उगमाविषयी साक्षीदार मौन पाळतो. आणि रोज एक चिंचोका.

तो तिच्या खिशात असतो. मोजायला शाळेत चिंचोके देतात, त्यातला रोज एक ती घेऊन येते. दोन नाही, एक. तपकिरी, गुळगुळीत, हातात धरून धरून कोमट झालेला. एकदा त्याची एक कड पांढरट दिसली. चावून पाहिलं असावं. पहिल्यांदा सापडला तेव्हा मी जरा गंभीर झालो, चोरी वगैरे शब्द मनात आले. आई मात्र इतकी हसली की तिला ठसका लागला. ''अकरा वर्षं मला कळलं नाही माझे चिंचोके जातात कुठे.'' तिने एक लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसून ओट्यावर ठेवली. महिनाअखेरीला सगळे ताईंना नेऊन द्यायचे ठरलं आहे. दिले जातील असं मला वाटत नाही.

आणि एक दिवस शब्द आला. रात्री जेवताना ती म्हणाली, ''मला आज लाल पेन्सिल भेटली.''

आमच्या घरात पेन्सिल मिळते. माणूस भेटतो, वस्तू मिळते. या एका क्रियापदासाठी मी लेखकांशी फोनवर भांडलेलो आहे, कितीतरी मुद्रितांच्या समासात तांबड्या शाईने 'मिळाली' लिहिलेलं आहे. माझा हात सवयीने हवेत उठला. बायकोने ताटावरून माझ्याकडे बघितलं. मी तो हात चटणी घ्यायला वळवला. हा शब्द तिने आमच्याकडून घेतलेला नव्हता. कुणातरी दुसऱ्या पोराच्या तोंडून तो उचलून, पाच शब्दांच्या वाक्यात नीट बसवून, खिशातून आणावा तसा तिने घरी आणला होता. भेटली तर भेटली. तिला त्या पेन्सिलीला भेटल्यासारखं वाटलंही असेल.

ते दुसरं पोर बहुधा 'हिरवा डबा' असावं. ती वर्गातल्या मुलांना नावांनी ओळखत नाही, डब्यांनी ओळखते. हिरवा डबा, बसचा डबा, हत्तीचा डबा, आणि एक 'आज-पण-भात'. हिरवा डबा आज आला नाही. हिरव्या डब्याला नवा भाऊ झाला. गेल्या शनिवारी संध्याकाळी भाजी मंडईत आम्ही कोथिंबीर घेत होतो, तर बयोने माझी पँट घट्ट धरली. समोर एका बाईच्या साडीमागे एक मुलगा उभा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हसले नाहीत, बोलले नाहीत. तोही पदरामागे सरकला, हीही माझ्या पायामागे. त्याची आई आणि मी कसनुसं हसलो. ती मंडळी गेल्यावर मी विचारलं, ''कोण गं?'' तर ती म्हणाली, ''हिरवा डबा,'' आणि मग बऱ्याच वेळाने, ''पण डबा नव्हता.''

परवा रविवारी पावसाने बाहेर पडायची सोय नव्हती. बयोने हॉलमध्ये पाट मांडला आणि शाळा काढली. ती ताई. माझ्या शर्टाला रुमाल लावायचा हट्ट झाला. पिन आईने लावली. मला पाटावर बसवण्यात आलं. मग मला दोन मिनिटांत तिच्या अडीच तासांविषयी जेवढं कळलं तेवढं तीन आठवड्यांत कळलं नव्हतं. ताई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहतात. ताई ''पिल्लांनो'' म्हणतात. रडणाऱ्याला ताई आधी लाकडी घोडा दाखवतात, मग पाणी पाजतात, मग काहीच करत नाहीत, नुसत्या शेजारी बसतात. शेजारी बसताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला, न थोपटता.

''हाताची घडी, तोंडावर बोट,'' ती म्हणाली.

आतून आईचा आवाज आला, ''आम्ही हे असलं कधी म्हटलं नाही हं!''

मी घडी घातली. तोंडावर बोट ठेवलं. बयो माझ्यासमोर उकिडवी बसली, तोल जाऊ नये म्हणून एक हात जमिनीवर, आणि तिने माझ्या डोळ्यांत बघितलं.

''मी आता जाते,'' ती म्हणाली. ''सांगून जाते. मोठा काटा वीसवर आला की येते हं.''

आणि स्वयंपाकघरात गेली. बरणी उघडल्याचा आवाज आला, मग ताटलीत चिंचोके ओतल्याचा. एक, दोन, तीन, पाच. आजी हसली, मग ती हसली. बाहेर पाऊस ग्रिलवर वाजत होता. आमच्या घड्याळात वीस नसतो, हे मी ओरडून सांगणार होतो, पण तोंडावर बोट होतं.